वर्गातील फायटर मासा : त्याची ऊब, हालचाल व आरोग्य
(सामान्य विज्ञान व परिसर अभ्यास : इयत्ता ५ वी ते ७ वी)

पौष महिन्यातील एखादी सकाळ घ्यावी. खरवई-बदलापूरच्या बाजूस डोंगरांकडून गार वारा सुटलेला असतो. मुले शेकोटीजवळून उठून, अंगात स्वेटर घालून शाळेत येतात. वर्गाच्या खिडकीत लोणच्याची रिकामी बरणी ठेवलेली असून तीत कोणा विद्यार्थ्यास वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेला निळा-तांबडा मासा आहे. काल दुपारी तो पर पसरून बरणीभर फिरत होता. आज तो पर मिटून तळाशी पडला आहे. दाणा टाकला तरी वर येत नाही. मुले म्हणतात, ‘गुरुजी, मासा झोपलाय.’ कोणी म्हणते, ‘रुसलाय.’ दोन-तीन दिवसांनी तो मेलेला आढळतो. ‘हे मासे फार जगतच नाहीत,’ असे म्हणून बरणी धुऊन ठेवली जाते आणि वर्ग पुढच्या पाठाकडे वळतो.

हा मासा झोपलेला नव्हता आणि रुसलेलाही नव्हता. तो गारठला होता. त्याच्या मृत्यूस कारण होते, ते कारण मोजता येण्यासारखे होते व टाळताही येण्यासारखे होते. वर्गात सजीव ठेवावयाचा आणि तो का मेला याचा विचार करावयाचा नाही, यातून मुले विज्ञान तर शिकत नाहीतच, उलट सजीवाच्या मरणाची कोणावर जबाबदारी नसते असा चुकीचा धडा मात्र मनावर ठसतो. हा धडा बदलावा, यासाठी या माशाची माहिती, त्याच्या पालनाची रीत व त्यावर आधारलेला पाठ पुढे दिला आहे.

माशाचे मूळ घर

बाजारात ‘फायटर’ या नावाने मिळणाऱ्या या माशाचे शास्त्रीय नाव ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ असे आहे. चार्ल्स टेट रेगन या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञाने १९१० मध्ये ते दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘झळाळणारा’ असा होतो. हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. २०१९ मध्ये त्या देशाने त्यास आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. रानातील मूळ मासा मळकट रंगाचा व आखूड परांचा असतो; आपण पाहतो ते लांब झालरीसारखे पर व भडक रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाढविलेले आहेत.

त्याचे घर म्हणजे भातखाचरे, दलदली व संथ वाहणारे उथळ ओहोळ. भातखाचर हा शब्द उच्चारताच उल्हास नदीच्या खोऱ्यातील मुलांच्या डोळ्यांपुढे स्वतःचे शेत उभे राहील. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून खाचरात चढणारे वलगणीचे मासे त्यांनी पाहिलेले असतात. सयामचे खाचरही असेच उथळ व गवताने भरलेले. भेद इतकाच की तेथील पाणी बहुतेक वर्षभर उबदार राहते. शिक्षकांनी विषयप्रवेश येथूनच करावा. परका मासा ओळखीच्या शेतात आणून ठेवला म्हणजे पुढचे सारे मुलांस सोपे जाते.

हवा घेणारा मासा व एक गैरसमज

उथळ, गवताळ व साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. अशा पाण्यात निभाव लागावा म्हणून या माशाच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस घड्याघड्यांची, सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी व्यापलेली एक पोकळी असते. मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवेचा घोट घेतो व या पोकळीतून त्यातील प्राणवायू रक्तात शोषला जातो. आपल्याकडील मरळ मासाही हवेचा घोट घेऊन जगतो. म्हणूनच बाजारात तो पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत दिसतो.

या सोयीमुळेच फायटर माशाचे हाल होतात. ‘त्यास पंप लागत नाही, तो पेलाभर पाण्यातही जगतो,’ असे विक्रेते सांगतात. तो तसा काही दिवस तग धरतो हे खरे. परंतु तग धरणे म्हणजे जगणे नव्हे. श्वासाची सोय त्याच्यापाशी आहे. उबेची सोय मात्र त्याच्या शरीरात नाही. आणि लहान भांड्यात नेमकी तीच हिरावली जाते.

ऊब हेच त्याचे बळ

मासा हा शीतरक्ताचा प्राणी होय. माणसाच्या शरीराचे तापमान थंडीतही ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. माशाचे शरीर मात्र पाण्याइतकेच उबदार किंवा थंड असते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, हालचाल थांबते व रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. पुढील प्रमाण फळ्यावर लिहून द्यावे :

२४ ते २८ अंश : मासा चपळ, पर पसरलेले, भूक चांगली.
२० ते २४ अंश : हालचाल मंद, भूक कमी.
२० अंशांखाली : मासा तळाशी अथवा कोपऱ्यात स्तब्ध; रोगाचा धोका.
३० अंशांवर : धाप लागल्यासारखे वारंवार वर येणे, पाण्यातील प्राणवायू घटतो.

शेवटच्या ओळीचे कारणही सांगावे. २० अंशांच्या एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. फायटर मासा हवेतून श्वास घेत असल्याने इतर माशांपेक्षा अधिक सोसतो. तरी अतिउष्णता त्यासही बाधते.

बदलापूर परिसर समुद्रापासून दूर, डोंगरांच्या पायथ्याकडे आहे. त्यामुळे येथील हिवाळ्याची रात्र मुंबईहून गार व उन्हाळ्याची दुपार अधिक तापलेली असते. मुंबईच्या दुकानात सुखात असलेला मासा येथील खिडकीत का आजारी पडतो, याचे उत्तर या फरकात आहे. केवळ थंडीच नव्हे, तर दिवस व रात्र यांतील मोठा चढउतारही त्यास घातक ठरतो. खिडकी ही म्हणूनच सर्वांत वाईट जागा होय : दुपारी उन्हाने पाणी तापते, पहाटे वाऱ्याने गार पडते.

भांड्याचे गणित

लहान बरणी लवकर गार का होते, हे इयत्ता ६ वी-७ वीच्या मुलांकडून गणिताने काढून घ्यावे. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती भांड्यात १ लिटर पाणी मावते. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर लिटरमागे ६०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून उष्णता बाहेर जाते. आता २५ सेंटिमीटर बाजूचे भांडे घ्यावे. त्यात सुमारे साडेपंधरा लिटर पाणी मावते व सहा बाजूंचे क्षेत्रफळ ३,७५० चौरस सेंटिमीटर होते. दर लिटरमागे पृष्ठभाग केवळ २४० चौरस सेंटिमीटर येतो. भांडे मोठे झाले की प्रत्येक लिटर पाण्याची उष्णता गमावण्याची वाट निम्म्याहून अरुंद होते.

यावरून निष्कर्ष असा की, एका फायटर माशास १५ लिटरच्या आसपास पाणी असलेली काचेची टाकी द्यावी. टाकी भिंतीकडेला, उन्हाच्या व वाऱ्याच्या झोतापासून दूर, मेजावर ठेवावी. शहाबादी फरशीवर थेट न ठेवता खाली लाकडी फळी किंवा थर्माकोलचा तक्ता घालावा. वर झाकण अवश्य असावे. हा मासा उडी मारतो. झाकण व पाणी यांच्यामध्ये चार-पाच बोटे हवा राहू द्यावी व झाकणास हवेपुरती फट ठेवावी. झाकणाखालची हवा उबदार व दमट राहते आणि मासा घोट घेतो तो याच हवेचा. बाहेरच्या गार हवेचा घोट त्यास सोसत नाही.

ऊब देण्याचे उपाय

जेथे वीज खात्रीची आहे तेथे आपोआप बंद-चालू होणारा २५ वॅटचा, पाण्यात बुडणारा हीटर १५ लिटरच्या टाकीस सामान्यतः पुरतो. त्याचेही गणित करून घ्यावे. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. १५ लिटर पाणी ६ अंशांनी तापविण्यास १५ × ६ × ४.२ म्हणजे ३७८ किलोज्यूल लागतील. २५ वॅटचा हीटर सेकंदास २५ ज्यूल देतो. म्हणजे किमान सव्वाचार तास लागतील, आणि वाटेत उष्णता निसटत असल्याने प्रत्यक्षात अधिक. या संथपणाचे महत्त्व मुलांस समजावून द्यावे. गारठलेल्या माशावर कढत पाणी ओतणे ही दया नव्हे. तापमान हळूहळू, तासास एखाद्या अंशाने चढले पाहिजे.

विजेसंबंधी नियम कडक असावेत. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचे बटण शिक्षकांनी स्वतः बंद करून पिन काढावी. हीटर पाण्याबाहेर असताना कधीही चालू करू नये. त्याची तार पिनेपाशी येण्यापूर्वी खाली झोल घेईल अशी सोडावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पिनेपर्यंत पोहोचणार नाही. विद्यार्थ्यांनी हीटरला हात लावू नये.

वीज गेल्यास टाकीच्या चारही बाजूंस गोधडी गुंडाळावी. कोमट पाणी भरून घट्ट बूच लावलेली बाटली टाकीत तरंगत ठेवल्यास काही वेळ ऊब टिकते. उन्हाळ्यात उलट उपाय करावा : टाकी वर्गातील सर्वांत थंड कोपऱ्यात हलवावी व बाहेरून ओले फडके लावावे. बर्फ घालू नये.

पाणी

बदलापूर परिसरातील नळाचे पाणी बहुतांशी उल्हास नदीचे असते व ते शुद्ध करताना त्यात क्लोरीन मिसळलेला असतो. माणसास तो उपकारक, माशाच्या कल्ल्यांस मात्र दाहक. असे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे व मगच वापरावे. बादली वर्गातच ठेवली म्हणजे पाणी खोलीच्या तापमानास येते. टाकीत घालण्यापूर्वी तापमापकाने दोन्ही पाणी पडताळून, गरज असल्यास थोडे ऊन पाणी मिसळून सारखे करावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणीही याच रीतीने ठेवून घ्यावे.

माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असून डोळ्यांस दिसत नाही. स्वच्छ दिसणारे पाणीही दूषित असू शकते. टाकीतील वाळूत व स्पंजाच्या गाळणीत काही आठवड्यांनी उपकारक जिवाणू वाढतात. ते अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यास्तव टाकी एकदम रिकामी करून घासून धुऊ नये. तसे केल्यास हे जिवाणू नाहीसे होतात. गाळणी असल्यास आठवड्यातून एकदा व नसल्यास दोनदा, चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच नवे घालावे. गाळणीचा प्रवाह मंद असावा. लांब परांच्या या माशास झोतात पोहता येत नाही.

अन्न

फायटर मासा मांसाहारी आहे. निसर्गात तो कीटक व त्यांच्या अळ्या खातो. भाकरीचा चुरा, भात किंवा बिस्किट त्यास घालू नये. त्याच्यासाठी मिळणारे बारीक दाणे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन ते चार पुरेत. त्याचे पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते, असे मुलांस सांगितल्यास मूठभर दाणे टाकण्याचा मोह आवरतो. उरलेला दाणा काढून टाकावा. आठवड्यातून एक दिवस उपवास चालतो. त्यामुळे रविवारची चिंता नाही. पाणी थंड असेल त्या दिवशी अन्न कमी द्यावे. गारठलेल्या माशास अन्न पचत नाही.

डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते खाद्य आहे. परिसरातील उघड्या भांड्यांत आढळलेल्या अळ्या गाळून त्यास घालता येतील. मात्र त्यासाठी मुद्दाम पाणी साठवू नये. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मलेरिया निर्मूलनाच्या कामी वापरले जाणारे गप्पी मासे मुलांस परिचित असतात. ते या टाकीत सोडू नयेत. त्यांची रंगीत शेपटी पाहून फायटर मासा अंगावर धावून जातो.

हालचाल व स्वभाव

दोन नर एकत्र ठेवल्यास ते परस्परांचे पर फाडतात. सयाममध्ये यावर पैजा लावीत. त्यावरूनच ‘फायटर’ हे नाव आले. खाचरात हरलेला मासा गवतात पळून जातो. टाकीत त्यास पळावयास जागा नसते. गंमत म्हणून झुंज लावण्याची मागणी वर्गात होईल, तेव्हा शिक्षकांनी ती ठामपणे नाकारावी व नाकारण्याचे कारणही सांगावे. प्राण्यांस झुंजावयास लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली अपराध आहे. आणि सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे आपल्या राज्यघटनेने सांगितलेले मूलभूत कर्तव्य आहे. कर्तव्यांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हा एक प्रसंग अधिक शिकवितो.

माशाने हालचाल करावी यासाठी झुंजीची गरज नाही. टाकीत हायड्रिलासारखी पाणवनस्पती असावी; तीतून वाट काढीत तो दिवसभर फिरतो. पृष्ठभागाजवळ एखादे रुंद पान असल्यास त्यावर तो विसावा घेतो. अनेक शाळांच्या अंगणात देशी बदामाचे झाड असते. त्याचे गळून वाळलेले, कीटकनाशक न फवारलेले पान धुऊन टाकीत घातल्यास पाण्यास चहासारखा फिका रंग येतो. असे पाणी या माशाच्या मूळ घराशी अधिक जुळते. नर उबदार व शांत पाण्यात पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. निसर्गात मादीने घातलेली अंडी तोंडात धरून तो या घरट्यात ठेवतो व पिले बाहेर पडेपर्यंत राखण करतो. पिता घर राखतो, ही गोष्ट मुलांस फार आवडते.

आजाराची चिन्हे

पर सतत मिटलेले असणे, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, परांच्या कडा झिजणे, पोट फुगणे, भूक जाणे अथवा दगडास अंग घासणे ही आजाराची चिन्हे होत. अशा वेळी प्रथम औषध शोधू नये. प्रथम तापमापक पाहावा, नंतर चौथा हिस्सा पाणी बदलावे. पुष्कळ दुखण्यांचे मूळ गार किंवा दूषित पाण्यात असते व ते सुधारताच मासाही सुधारतो.

पाठाची मांडणी

उद्दिष्ट : तापमानाचा सजीवावर होणारा परिणाम निरीक्षणाने समजणे, तापमापक वाचणे, जबाबदारी वाटून घेणे.

प्रयोग (माशाविना) : एकाच बादलीतील कोमट पाणी अर्ध्या लिटरच्या बाटलीत व १५ लिटरच्या भांड्यात भरावे. दर अर्ध्या तासाने दोन्हींचे तापमान मुलांनी नोंदवावे व आलेख काढावा. दोन रेषा एकमेकींपासून कशा दूर जातात हे पाहून निष्कर्ष मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा. हा प्रयोग मासा आणण्यापूर्वी करावा, म्हणजे माशाने त्याची किंमत मोजावी लागत नाही.

नोंदवही : दररोज शाळा भरताना व सुटताना एका जोडीने पाण्याचे तापमान, हवेचे तापमान, दिलेले अन्न व माशाची हालचाल या चार गोष्टी लिहाव्यात. ‘मासा आनंदी होता’ असे न लिहिता ‘पर पसरलेले होते, दाणा लगेच घेतला’ असे लिहावयास शिकवावे. महिन्याच्या अखेरीस तापमान व हालचाल यांचा मेळ मुले आपोआप लावू लागतात.

शाळेने घ्यावयाचा निर्णय

सर्वांत शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा मासा नीट सांभाळल्यास दोन-तीन वर्षे जगतो. म्हणजे त्याच्या आयुष्यात अनेक हिवाळी रात्री, दिवाळीची सुटी व मे महिन्याची दीर्घ सुटी येणारच. हिवाळ्याच्या रात्री कुलूपबंद शाळेत टाकी उबदार राहील का? सुटीत ती कोणाच्या घरी जाईल? या दोन प्रश्नांची उत्तरे मासा आणण्यापूर्वी शिक्षक, मुले व पालक यांनी मिळून द्यावीत. उत्तर मिळत नसेल, तर मासा आणू नये. दोन भांड्यांचा प्रयोग करावा, पावसाळ्यात खाचराच्या बांधावर उभे राहून तेथील मासे पाहावेत. पाठ अपुरा राहणार नाही.

मासा नको झाला म्हणून उल्हास नदीत किंवा गावच्या तळ्यात सोडणे हाही मार्ग नव्हे. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मासा अनेक जलाशयांत पसरला असून स्थानिक माशांच्या अन्नावर व जागेवर त्याने अतिक्रमण केले आहे. परका जीव पाण्यात सोडणे सोपे, परत घेणे अशक्य.

ज्या वर्गात पौषातल्या सकाळी एखादा विद्यार्थी दप्तर ठेवण्यापूर्वी टाकीजवळ जाऊन तापमापक वाचतो आणि ‘बाई, पाणी बावीसवर आलंय’ असे सांगतो, त्या वर्गात हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. फायटर मासा हवा घेऊ शकतो, तरी त्यास लहान बरणीत का ठेवू नये?
२. ५ सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती भांड्यात दर लिटरमागे किती पृष्ठभाग येईल?
३. गारठलेल्या माशास एकदम ऊन पाण्यात का टाकू नये?
४. टाकी पूर्ण धुतल्याने पाणी अधिक स्वच्छ होते, हे म्हणणे कितपत बरोबर आहे?
५. आपल्या गावच्या खाचरात आढळणाऱ्या माशांची नावे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.